ब्रशचं वळण, फॉन्टची शिस्त: वाचकांचे प्रश्न

ब्रशने लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या फॉन्टबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सारखे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ‘सगळ्यात भारी ब्रश फॉन्ट कोणता?’ हा प्रश्न बाजूला ठेवला आहे. काम कोणतं ते कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

दुकानदार एकाच फॉन्टला कधी हँडरायटिंग म्हणतात, कधी कॅलिग्राफी, कधी ब्रश. फरक ओळखायचा कसा?
– उपयोजित कलेची विद्यार्थिनी, कोल्हापूर

रेघेचं टोक बघा. साध्या पेनाच्या अक्षरात रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास एकाच जाडीची असते. गूगल फॉन्ट्सवरचा ‘कलम’ हा इंडियन टाइप फाउंड्रीचा फॉन्ट त्या जातीचा आहे. बोरू किंवा कट निबच्या अक्षरात जाडी बदलते, पण ती दिशेनुसार: एका तिरक्या दिशेला जाड, विरुद्ध दिशेला बारीक, आणि टोक छाटल्यासारखं सरळ. ब्रशमध्ये दिशेच्या जोडीला दाब येतो. ब्रश टेकतो तिथे रंगाचा ठिपका भरतो, उचलतो तिथे रेघ निमुळती होते, आणि हात वेगात ओढला तर केस फाकून मधे पांढऱ्या चिरा दिसतात. या तिन्ही खुणा दिसल्या, तर फॉन्ट गोल ब्रशच्या जलद हातावरून घेतला आहे असं समजावं.

चपट्या ब्रशचं अक्षर वेगळं दिसतं. ‘यात्रा वन’ हा फॉन्ट मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे. त्यात चपट्या ब्रशचा कोन आहे, कड मात्र स्वच्छ आहे आणि फरपट (कोरड्या ब्रशच्या चिरा आणि ठिपके) कुठेच नाही, कारण पाटी रंगवणारा हात सावकाश चालतो. तो ब्रशचा फॉन्ट खरा, पण ज्याला ‘ब्रश स्क्रिप्ट’ म्हणतात ते धावतं वळण तो नव्हे.

ते धावतं वळण रोमन लिपीत आलं तेव्हाची अडचण आपल्याला उपयोगी आहे. अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी रॉबर्ट स्मिथ यांनी १९४२ मध्ये ‘ब्रश स्क्रिप्ट’ केला. त्यात प्रत्येक अक्षराची बाहेर पडणारी शेपटी पुढच्या अक्षराला ठरावीक उंचीवरच भेटायला हवी होती, नाहीतर शब्द तुटला असता. रॉजर एक्सकोफॉन यांनी १९५३ च्या ‘मिस्ट्रल’मध्ये हाच जोड आणखी मोकळ्या हाताने साधला. रोमनचा जोड अक्षराच्या पायाशी असतो, आपला डोक्यावर, शिरोरेषेत. खालच्या प्रश्नांतली निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात.

मंडळाच्या फ्लेक्सवर ब्रश फॉन्टला बॉर्डर दिली की प्रत्येक अक्षराच्या मधे रेघा दिसतात. कधी शिरोरेषेत पांढरे तुकडे पडतात. फाइल कर्व्ह करूनच (अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा करून) पाठवतो, तरी असं का?
– फ्लेक्स छापणारे, सातारा

फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा दोन्ही बाजूंना थोडी जास्त काढलेली असते. शेजारच्या अक्षरावर ती चढते म्हणून वरची रेघ सलग दिसते. साधा काळा रंग भरला तर हे चढणं कळत नाही. बॉर्डर दिली की ती प्रत्येक अक्षराच्या कडेभोवती स्वतंत्र फिरते आणि चढलेला भाग उघडा पडतो. रंग अर्धपारदर्शक ठेवलात तरी हेच होतं: जोडावर गडद पट्टे दिसतात.

पांढऱ्या तुकड्यांचं कारण थोडं निराळं आहे. कोरल या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं एकाच कर्व्हमध्ये कंबाइन झाली की एकमेकांवर चढलेले भाग वजा होतात. ऑब्जेक्टच्या गुणधर्मांत ‘फिल वाइंडिंग’ चालू केलं की तुकडे भरतात आणि ब, व, भ यांची पोटं मोकळीच राहतात. पण हा फक्त दिसण्यापुरता उपाय आहे, आतल्या रेघा तशाच असतात.

पक्का उपाय म्हणजे शब्द सांधून एकच बाह्यरेषा करणं. मॅटर तपासून झालं की मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, कारण पुढे शुद्धलेखन सुधारता येणार नाही. मग अक्षरं कर्व्ह करा आणि कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट किंवा इंकस्केपमध्ये युनियन वापरा. झाल्यावर कोरलच्या वायरफ्रेम व्ह्यूमध्ये किंवा इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय दाबून बघा. शिरोरेषेच्या आत एकही उभी रेघ उरता कामा नये. बॉर्डर मूळ अक्षराला न देता मागे ठेवलेल्या प्रतीला द्या. नाहीतर निम्मी बॉर्डर आतल्या बाजूला येऊन ब्रशची निमुळती टोकं खाऊन टाकते.

आणखी दोन सवयी सोडाव्या लागतील. एक, जागा भरण्यासाठी अक्षरांमधलं अंतर वाढवणं. देवनागरीत ट्रॅकिंग शून्यच हवं, वाढवलं की शिरोरेषा तुटते. दुसरी, शब्द आडवा ताणणं. आडवं ताणलं की काना जाड होतो आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. छापील वळणाच्या फॉन्टमध्ये हे एकवेळ खपतं, ब्रशमध्ये लगेच कळतं, कारण तसा दाब कुठल्याच हाताने येत नाही. ‘गणेशोत्सव’ रुंदीत बसत नसेल तर दोन ओळी करा.

रेडियम कटिंगला ब्रश फॉन्ट लावला तर मशीन अडखळतं आणि नको असलेला भाग काढताना अक्षराच्या कडा उचलल्या जातात.
– रेडियमचं काम करणारे, बारामती

खरखरीत कडेच्या एका अक्षरात तीनशे-चारशे नोड, म्हणजे बाह्यरेषेवरचे बिंदू, असू शकतात. पाती प्रत्येक नोडवर दिशा बदलते, म्हणून अडखळते. आणि फरपटीतले बारीक ठिपके कापले गेले तरी चिकटून राहण्याइतका गोंद त्यांच्याखाली नसतो.

वर सांगितल्याप्रमाणे आधी अक्षरं सांधून घ्या, नाहीतर पाती अक्षराच्या मधूनही कापत जाईल. मग शेप टूलने सगळे नोड निवडून रिड्यूस नोड्स वापरा. अक्षराला पन्नासच्या आसपास नोड उरले की कड मऊ होते आणि ब्रशचं वळण शिल्लक राहतं. २ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ किंवा सुटा ठिपका काढून टाका. नेहमीच्या व्हिनाइलला ४५ अंशांची पाती ठीक, बारीक नक्षीला ६० अंशांची. टेम्पोच्या मागच्या काचेवरचं काम असेल तर फरपट असलेला फॉन्ट घेऊच नये. पाणी आणि फडका यांपुढे ती टोकं टिकत नाहीत.

फॉन्ट विकत घेण्याआधी तो मराठीला चालेल का, हे कसं ओळखावं? जाहिरातीत ‘हिंदी-मराठी’ लिहिलेलं असतं, नंतर ‘ऱ्या’ फुटतो.
– डीटीपी ऑपरेटर, छत्रपती संभाजीनगर

जाहिरातीच्या चित्रावर जाऊ नका. विक्रेत्याच्या पानावर स्वतःचा मजकूर टाइप करून बघायची सोय असते, तिथे हे शब्द टाका: दऱ्याखोऱ्या, तऱ्हेवाईक, ॲप, ऑर्डर, कळवळा, शिल्लक, विश्व, श्रीक्षेत्र, यज्ञ, उद्ध्वस्त, विद्वान, उद्योग, ब्रह्म, बाह्य, चिठ्ठी, हृदय, रुपया, रूप, कर्तृत्व, मूर्तींना, ₹५८९.

आता बघायचं काय ते. ‘दऱ्या’मध्ये य-च्या आधी आडवी चंद्रकोर दिसली पाहिजे. तिथे रफार आला किंवा पाय मोडलेला पूर्ण र उभा राहिला, तर फॉन्ट मराठीसाठी केलेलाच नाही. (टाइप करताना मूळ अक्षर ऱ हवं. इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये ते शिफ्ट आणि जे दाबून येतं.) ‘ॲप’मधला ॲ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सर्वमान्य संकेतांत, बराच उशिरा, २००८ च्या आवृत्तीत आला. जुन्या फॉन्टमध्ये त्या जागी रिकामा चौकोन दिसतो. ‘मूर्तींना’ हा शब्द सगळ्यात कठीण. एकाच अक्षराच्या डोक्यावर दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार येतात आणि ब्रशच्या जाड रेघांत त्यांचा गोळा होतो. चांगल्या फॉन्टमध्ये या तिघांचं एकत्र असं वेगळं चिन्ह काढलेलं असतं.

‘शिल्लक’ आणि ‘विश्व’मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श येतो का तेही बघा. राज्य शासनाच्या प्रमाण वर्णमालेत हीच रूपं आहेत. काही फॉन्टमध्ये ती असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी सांगितल्यावरच उमटतात. वेबपानावर त्यासाठी भाषेची खूण मराठी हवी. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ सुरू करा आणि इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. हे न करताच फॉन्टला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात.

युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे ब्रश फॉन्टही अजून फिरतात. त्यात टाइप केलेलं नाव दुसऱ्या फॉन्टमध्ये नेलं की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. एका शीर्षकापुरते ते वापरायला हरकत नाही. ज्या मजकुराचा शोध घ्यायचा आहे किंवा जो पुन्हा वापरायचा आहे, त्यासाठी नकोत.

मिठाईच्या दुकानाची पाटी १२ फूट बाय ३ फूट आहे. रस्ता ओलांडून साधारण ६० फुटांवरून नाव वाचता आलं पाहिजे. ब्रश फॉन्ट चालेल का? इंग्रजी नावही हवं आहे.
– दुकानमालक, ठाणे

चालेल, फक्त नावापुरता. पाट्यांच्या कामात ढोबळ हिशेब असा: १० फुटांना १ इंच उंची. ६० फुटांना ६ इंच झाले. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची, वेलांटी आणि उकार सोडून. ब्रशच्या अक्षराची जाडी कमी-जास्त होते, म्हणून दीडपट धरा, म्हणजे ९ इंच. वरची वेलांटी आणि खालचा उकार धरून ओळ १६-१७ इंच घेईल. ३६ इंचांत तेवढी जागा आहे आणि खाली इंग्रजी नावाची साधी ओळ बसते.

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. ब्रश फॉन्टमध्ये इथे चूक होते. संगणकावर दोन्हींचा पॉइंट साइज एकच दिसतो, पण देवनागरी अक्षराचं अंग इंग्रजी कॅपिटलपेक्षा बुटकं भरतं. पॉइंट न बघता पट्टी लावून मोजा.

इंग्रजीसाठी त्याच फॉन्टमधली रोमन अक्षरं घ्यायचा आग्रह नको. रोमन ब्रश अक्षर उजवीकडे बरंच झुकतं. तेवढाच झुकाव देवनागरीला दिला की सगळे काने पडायला आलेल्या कुंपणासारखे दिसतात. मराठी ब्रशमध्ये आणि इंग्रजी साध्या सरळ फॉन्टमध्ये, ही जोडी जास्त सुटसुटीत. फोन नंबर आणि ‘शुद्ध तुपातील’ वगैरे ओळीही साध्याच फॉन्टमध्ये. ब्रशमधले १ आणि ९ लांबून एकसारखे दिसतात.

आतून दिवे असलेली अक्षरं करणार असाल तर फॉन्टची सगळ्यात बारीक रेघ मोजा. ती दीड इंचाच्या खाली गेली की आत एलईडीची पट्टी नीट बसत नाही आणि तिथे अंधारा डाग राहतो. निमुळत्या टोकांचं अक्षर अशा पाटीला त्रासदायकच. बोथट टोकांचा, जाड फॉन्ट निवडा.

लग्नपत्रिका पूर्ण ब्रश फॉन्टमध्ये केली तर?
– नाशिक

आजोबा विवाहस्थळ वाचू शकणार नाहीत. वधूवरांची नावं ३० ते ४० पॉइंटमध्ये ब्रशने, बाकी सगळं साध्या फॉन्टमध्ये. १८ पॉइंटच्या खाली ब्रश अक्षरातल्या जोडाक्षरांची पोटं बुजतात. सोनेरी फॉइल असेल तर ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ तुटते आणि तेवढीच बारीक फट भरून जाते. फरपट असलेला फॉन्ट तिथे डाग पडल्यासारखा दिसतो.

हाताने पाट्या रंगवतो. माझ्या अक्षराचा फॉन्ट करता येईल का? कुठून सुरुवात करू?
– पेंटर, मिरज

करता येतो. पाट्यांचा हात आहे म्हणजे अवघड भाग तुमच्याकडे आहेच, उरलं ते चिकाटीचं काम.

अक्षर ५० मिलिमीटर उंचीचं आणि ब्रश १० मिलिमीटर रुंदीचा ठेवा. पाचास एक हे प्रमाण मध्यम वजनाचं अक्षर देतं. ऑइल पेंट नको, तो पसरतो आणि वाळायला वेळ घेतो. काळा पोस्टर कलर दुधाइतका पातळ करून घ्या. कागदावर निकाल ठरतो: कार्ट्रिज पेपरवर कोरडी फरपट उमटते, गुळगुळीत आर्ट कार्डवर कड स्वच्छ येते. एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तोच कागद. शिरोरेषा, पाया, वरच्या वेलांटीची आणि खालच्या उकाराची हद्द अशा चार रेघा फिक्या निळ्या पेन्सिलीने आखा, स्कॅन केल्यावर त्या सहज काढता येतात.

अक्षरं शिरोरेषेशिवाय लिहा. प्रत्येक अक्षर दहा वेळा लिहून त्यातली तीन निवडा. सुटी अक्षरं लिहिताना हात अवघडतो, म्हणून शब्द लिहावेत आणि त्यांतून अक्षर उचलावं. क, म, र, ल, स यांची अर्धी रूपं पूर्ण अक्षर कापून करू नका, तीही लिहूनच घ्या. अर्ध्या अक्षराला ब्रशचा दाब वेगळा पडतो.

६०० डीपीआयवर ग्रेस्केल स्कॅन करा. ५० मिलिमीटरचं अक्षर साधारण ११८० पिक्सेल भरतं, तेवढं पुरे. इंकस्केपमध्ये ट्रेस करून नोड कमी करा आणि मग फॉन्टफोर्ज, ग्लिफ्स किंवा फॉन्टलॅबमध्ये आणा. फॉन्टफोर्ज मोफत आहे आणि वापरायला किचकट.

शिरोरेषा एकच, सरळ, वेगळी काढा आणि सगळ्या अक्षरांवर चढवा. दोन्ही टोकांना ती अक्षराच्या रुंदीबाहेर १५-२० एककं जाऊ द्या (चौकट १००० एककांची धरून). तिची जाडी आणि उंची टोकाशी सगळीकडे तंतोतंत एक हवी, खडबडीतपणा असेल तो फक्त मधल्या भागात. टोकंच खडबडीत ठेवली तर प्रत्येक जोडावर पायरी दिसते. बाजारातल्या अर्ध्या ब्रश फॉन्टमध्ये हा दोष आहे.

पहिली वेलांटी एकाच रुंदीची करून भागत नाही. ‘रि’ अरुंद, ‘कि’ रुंद, ‘स्त्रि’ त्याहून रुंद. कमान अक्षराच्या कान्यापर्यंत पोहोचायला हवी, म्हणून निदान चार रुंदीच्या वेलांट्या काढा. उकार आणि रफार यांच्यासाठी प्रत्येक अक्षरावर अँकर, म्हणजे ते जिथे चिकटतात तो बिंदू, ठेवा. र, द, ह यांना उकार नेहमीच्या जागी लागत नाही, त्यांची जोडरूपं वेगळी काढावी लागतात.

सगळ्यात शेवटी पुनरावृत्ती. ‘मामा’मधले दोन्ही म हुबेहूब एक असले की हाताचा भास तिथेच संपतो. म्हणून निदान क, न, म, र, ल, स यांची दोन-दोन रूपं ठेवून ती आलटून पालटून येतील असा नियम कॉन्टेक्स्च्युअल आल्टर्नेट्समध्ये (शेजारचं अक्षर बघून रूप बदलणाऱ्या फॉन्टच्या सोयीत) लिहा. रोमनसाठी लिहिलेला नियम उचलू नका. तो लागूनच आलेलं अक्षर बघतो, आणि आपल्याकडे दोन म-च्या मधे काना उभा असतो. काना ओलांडून मागचं अक्षर बघेल असा नियम हवा.

मराठीपुरत्या कामचलाऊ फॉन्टला अडीचशे-तीनशे चिन्हं लागतात, सगळी जोडाक्षरं नीट करायची तर पाचशेच्या पुढे. रोमन अक्षरं दुसऱ्या टप्प्यावर करा.

जुन्या नाटकांच्या जाहिरातींतली ब्रशची अक्षरं कुठल्या फॉन्टमध्ये आहेत?
– पुणे

ते फॉन्ट नाहीत. कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षरकारांनी प्रत्येक नावासाठी अक्षरं वेगळी काढली. एका शब्दापुरतं काम असलं की वेलांटी पूर्ण शब्दावर पसरवता येते, उकार ओढून खाली अधोरेखा करता येते. फॉन्टमधल्या अक्षराला शेजारी कोण येणार हे ठाऊक नसतं, त्यामुळे त्याला अंग चोरूनच बसावं लागतं. तसा परिणाम हवा असेल तर ब्रश फॉन्टमध्ये नाव लिहून सांधून घ्या आणि पहिलं किंवा शेवटचं, एकच टोक हाताने वाढवा. दोन्हीकडे वाढवलं तर ओढाताण दिसते. बजेट असेल तर सरळ अक्षरकाराकडे जा.

मोफत फॉन्ट चित्रपटाच्या शीर्षकाला किंवा विकायच्या टी-शर्टवर वापरला तर चालतो?
– ग्राफिक डिझायनर, पणजी

मोफत दोन प्रकारचं असतं. ‘यात्रा वन’ आणि ‘कलम’ ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. त्यात व्यावसायिक वापर, बोधचिन्ह, टी-शर्ट, शीर्षक सगळं चालतं. फक्त फॉन्टची फाइल सुटी विकता येत नाही, आणि बदल करून वाटलात तर परवाना तोच ठेवावा लागतो. मूळ कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला नावही दुसरं द्यावं लागतं. ‘पर्सनल यूज’ लिहिलेल्या फॉन्टमध्ये मात्र यातलं काहीच चालत नाही. झिपमध्ये फॉन्टसोबत परवान्याची मजकूर फाइल असते. ती फाइल नसेल तर फॉन्ट कुठून आला ते शोधा, आणि शोध लागेपर्यंत गिऱ्हाइकाच्या कामाला लावू नका.